सातवी तळटीप

१

ओळ पंधरा शब्दांची होती. मी मोजले, कारण पहिल्यांदा वाचल्यावर दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

"२००५ साली सोनाळा येथे जप्त झालेल्या बोगस बीटी बियाण्याच्या प्रकरणात गनी यांचे नाव आले होते."

ओळीच्या शेवटी दोन बारीक आकडे होते, सहा आणि सात. म्हणजे दोन तळटिपा, दोन आधार.

कागद उकंडराव घेऊन आले होते. सोनाळ्याच्या त्रेसष्ट शेतकऱ्यांनी बियाणे कंपनीविरुद्ध कृषी खात्याकडे केलेल्या तक्रारीवर पहिली सही त्यांची. आमच्या खामगावच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते टेबलाच्या कडेला टेकून उभे होते. शेजारच्या स्टुलावर अब्दुल गनी बसले होते. वय चौऱ्याहत्तर, कापूस संशोधन फार्मवरचे निवृत्त क्षेत्र सहायक. अळी मरावी म्हणूनच काढलेल्या बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी जिवंत राहते, हे आमच्या भागात सगळ्यांत आधी त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. त्यांची वही पाहायला मी दोनदा विद्यार्थी घेऊन सोनाळ्याला गेले होते, म्हणून ओळख.

"कंपनीच्या वकिलानं उत्तरासंगं हे जोडलं," उकंडराव म्हणाले. "म्हनते, तुमचा तज्ज्ञच बोगस हाये. इंटरनेटवर छापेल हाये म्हनते."

कागद लोककोशातल्या, अब्दुल गनींवरच्या पानाची छापील प्रत होती. लोककोश म्हणजे इंटरनेटवरचा असा कोश की जो कोणी येईल त्याने लिहावं आणि दुसऱ्याने दुरुस्त करावं. 'पानशिरा' या नावाने मी तिथे तीन वर्षं लिहीत होते. गनीचाचांना ते माहीत होतं, म्हणूनच ते आले होते.

"सुनावनी कधी?"

"आठ फेब्रुवारीले. आज तीस तारीख."

नऊ दिवस. २०१७ च्या हंगामात चाचांनी चोवीस ऑगस्टपासून दर आठवड्याला दहा शेतांतून प्रत्येकी वीस हिरवी बोंडं फोडली होती आणि अळ्या मोजल्या होत्या. पहिल्या आठवड्यात दोनशे बोंडांत तीन, नोव्हेंबरच्या मध्यावर दोनशेत एकशे एकेचाळीस. त्रेसष्ट जणांच्या तक्रारीत ही वही सोडली, तर फक्त त्रेसष्ट जणांचं रडणं उरत होतं.

"चाचा, हे खरं आहे का?" मला विचारावं लागलं.

"जप्ती झाली होती, हे खरं," ते म्हणाले. "बाजाराच्या शेडमंदी माल सापडला होता. पोत्याले सील माराले मेनबत्ती माह्या घरून गेली होती. याच्याउपर माह्या काई संबंध नाही."

मी तिथेच संगणक उघडला आणि ओळ काढून टाकली. कारण लिहिलं, 'जिवंत व्यक्तीबद्दल चुकीचा आरोप.' उकंडराव खूश झाले. "एवढंच होय? अन् आमी बाप्पा सोनाळ्याहून तीन गाड्या बदलून आलो!"

चहा यायच्या आत, अकराव्या मिनिटाला, ओळ परत आली होती. खाली 'तटस्थ' नावाच्या प्रचालकाचा, म्हणजे कोशाची देखरेख करणाऱ्या सदस्याचा, मला निरोप होता.

"आधार असलेला मजकूर काढू नये. आपले नाव सदस्यपानावर 'फलक' असे दिसते. आपण लेखविषयाच्या नात्यातल्या आहात का?"

२

फलक हे माझं खरं नाव, पण नाव मुसलमानी असलं तरी मी त्यांच्या नात्यातली नाही. हे मी लिहिलं. पण नात्यात नसल्याचा आधार कुठून आणायचा, हे त्या कोशाच्या नियमांत कुठे सापडलं नाही.

लोककोशातल्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणी, कधी, काय बदललं, ते सगळं तिथे राहतं. ओळ 'नीरक्षीर' नावाच्या सदस्याने घातली होती. १७ ऑगस्ट २०१६, बुधवार, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. तेव्हा तिला एकच तळटीप होती, सहावी: 'हंगाम अहवाल २००५, पृष्ठ ३१.' सातवी तळटीप सव्वा वर्षाने आली. ती एका दैनिकाच्या बातमीची होती, तारीख ३ डिसेंबर २०१७, आणि जोडणारा होता 'तटस्थ'.

म्हणजे ओळीचा जन्म अहवालातून झाला होता. अहवाल इंटरनेटवर नव्हता. एखाद्या शेतकी कार्यालयाने पन्नासेक प्रती काढल्या असतील. एवढं जुनं बाड जवळ असलेला आणि गनीचाचांवर राग असलेला माणूस शोधायचा होता.

"राग असनारा एकच हाये," उकंडराव म्हणाले. "वकार."

"थो माह्या पुतन्या होय," चाचा म्हणाले.

"म्हनूनच तं."

वकारचं खामगावात कृषी केंद्र आहे. तक्रारीतलं बियाणं सोनाळ्याच्या लोकांनी त्याच्याच दुकानातून नेलं होतं. चाचांनी वही तक्रारदारांना दिली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

टेबलावरच्या भिंगाची काच चाचांनी शर्टाच्या टोकाने पुसली आणि ठेवून दिली. मग म्हणाले, "जा बेटा, इचारून घे. पन त्याले हे सांगजो की चाची बिमार हाये. भांडन माह्यासंगं हाये, चाचीसंगं नाही."

३

वकारच्या दुकानात जानेवारीत गिऱ्हाईक नसतं. तो फवारणीच्या रिकाम्या खोक्यांवर पाय ठेवून बसला होता.

"म्या लिहिलं?" तो हसला. "बाई, माह्या दुकानाच्या पाटीवर काय लिहेल हाये, वाचलं का? 'गनीसाहेबांचे पुतणे' लिहेल हाये. बापाचं नाव नाही टाकलं, चाचाचं टाकलं. चाचा बोगस, तं पुतन्या कोन?"

"भांडण तर आहे ना?"

"हाय. म्या म्हनलं, कंपनीवर केस टाका, पन वही नका देऊ, मले पुढच्या साली माल भेटनार नाही. ते म्हनले, अळ्या मोजल्या तं मोजल्या. आता बोला." त्याने हात झटकले. "वरतून लोक मलेच इचारतात, गनीसाहेब पहिले चोर बीटी इकत होते काय बे? थे पान मलेबी नडून राह्यलं."

मी त्याला ओळ पुन्हा वाचायला दिली. २००५ ची जप्ती त्याला आठवत होती, तेव्हा तो नववीत होता.

"थो माल पाकिटात नव्हता," तो म्हणाला. "पाकिटातला चोर बीटी निराळा. हा जिनिंगमधली सरकी निवडून सुट्टा भरेल होता. बारदान्यात. एका जीपवाल्यानं आनला अन् थो पयाला. नाव कोनाचं लिहिनार? कोनी सापडलाच नाही."

"कोणाचंच नाव आलं नाही?"

"जीपवाल्याचंबी नाही. आमी पोट्टे थ्या बारदान्यावर बसून तमाशा पाहत होतो ना!"

निघताना मी चाचीच्या आजाराचं सांगितलं. त्याने खोक्यावरून पाय खाली घेतले. "काय झालं तिले?" विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गल्ल्याची किल्ली फिरवली.

मी वहीत लिहिलं: वकार नाही. अहवालात नाव असणं शक्य नाही, आणि तरी नीरक्षीरने अहवालाचं पान दिलं आहे. एकतर नीरक्षीर खोटं बोलतो आहे, किंवा अहवाल.

४

सातव्या तळटिपेतली बातमी प्रेम नावाच्या वार्ताहराची होती. तो दैनिकासाठी चार तालुके बघतो आणि बस स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सापडतो.

"हाव, माहीच बातमी होय," तो म्हणाला. "'बोंडअळीचे जाणकार वादात.' चांगली लागली होती, पान तीन."

"गनीसाहेबांचं नाव प्रकरणात आलं, हे कुठून घेतलं?"

"लोककोशातून."

"तिथला आधार पाहिला होता?"

"मॅडम, सात वाजता बातमी पाठवा लागते. तिथं आकडा होता, सहा. आकडा हाये म्हनजे कोनीतरी पाह्यलं असनच."

"आता लोककोशात तुमच्या बातमीचा आकडा आहे. सात."

प्रेमने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. बराच वेळ तो एका कागदावरून दुसऱ्यावर बोट नेत राहिला. "म्हनजे मी त्याच्या खांद्यावर अन् थो माह्या खांद्यावर," तो म्हणाला. "मंग खाली कोन उभा हाये?"

"तेच शोधते आहे. तुम्ही शुद्धिपत्र द्या."

त्याने माझ्यासमोर कार्यालयात फोन लावला. तिकडून बोलणारा माणूस घाईत होता, पण ऐकू येत होतं. लोककोशातून ओळ काढून आणा, मग आपण चूक छापू. तिथे आहे तोवर आपण चुकलो असं कसं म्हणायचं?

लोककोशावर 'तटस्थ'चं उत्तर आलेलंच होतं: दैनिकाने शुद्धिपत्र छापल्यास ओळ काढता येईल.

मी दोन्ही उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली. त्यांच्यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. सुनावणीला सात दिवस होते.

त्या संध्याकाळी मी नीरक्षीरची सगळी संपादनं काढली. एकूण सहाशे बारा. वेळेचा आलेख काढला, जसा आम्ही बियांच्या उगवणीचा काढतो. सोमवार ते शुक्रवार जवळपास सगळी संपादनं दुपारी दीड ते दोन-दहाच्या दरम्यान होती. शनिवारी मात्र सकाळी नऊ-साडेनऊला. मे महिन्यात एकही नाही, दिवाळीच्या तीन आठवड्यांत एकही नाही.

दुपारची मधली सुट्टी, शनिवारची सकाळची शाळा. नीरक्षीर शाळेत शिकवत होता.

आणि त्याने लोककोशाला दिलेल्या एकोणतीस फोटोंपैकी सतरा एकाच खिडकीतून काढलेले होते: महामार्ग, त्याच्या कडेची भजी-चहाची दुकानं, एका टायरच्या दुकानावरची पाटी. पाटीवर गावाचं नाव होतं, दुसरबीड.

५

शनिवारी मी सहाची गाडी पकडली, मेहकरला बदलली आणि दहाच्या आत दुसरबीडला पोचले. टायरच्या दुकानासमोर उभं राहून वर पाहिलं, तर शाळेची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बरोबर त्या कोनात होती. अकरा वाजता शाळा सुटली. खिडकीचा वर्ग कोणाचा, एवढंच विचारायचं होतं.

"सुचिताबाईंचा," शिपाई म्हणाला.

सुचिताबाई चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या. मी 'पानशिरा' असं नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! कपाशीच्या पानांचे फोटो तुमचेच ना? मला वाटलं होतं कोणीतरी मोठे प्राध्यापक असतील. या, बसा की हो. पाणी घ्या."

मी रागाची तयारी करून आले होते आणि राग ठेवायला जागाच मिळेना. मी विचारलं, "गनीसाहेबांच्या लेखातली जप्तीची ओळ तुम्ही घातलीत?"

"हो." त्या खाली बसल्या. "फार जड गेलं बघा. माझे वडील शेतकी कार्यालयात कारकून होते. त्यांच्या तोंडी गनीसाहेबांचं नाव आदराने यायचं. अहवाल त्यांच्याच पेटीतला. पण लेखावर पाटी लागली होती, 'लेख एकतर्फी वाटतो, दुसरी बाजू साधार द्यावी, अन्यथा लेख वगळला जाईल.' मग मी शोधत बसले. सापडलं तेव्हा वाटलं, गप्प बसावं. पण आपल्याला आवडतो म्हणून माणसाचं लपवायचं, हे बरोबर नाही ना?"

ती पाटी २०१६ च्या जुलैमध्ये लागली होती. ती मी लावली होती. मी तेव्हा एका दिवसात चाळीस लेखांवर तशा पाट्या लावल्या होत्या.

मी त्यांना ते सांगितलं. "बरोबरच होतं तुमचं," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून.

अहवाल त्यांनी कपाटातून आणला. हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेली पिवळी पानं, दोऱ्याने शिवलेली. पान एकतीस त्यांनी खूण घालून ठेवलं होतं. वर मथळे नव्हते, आधीच्या पानावरचा तक्ता संपत होता, तीनच ओळी. पहिल्या आणि तिसऱ्या गावापुढे 'निरंक'. मधली ओळ अशी होती:

सोनाळा — बीटी बियाणे, सुटे, विनापरवाना — गनी — १४ — जप्त

"बघा," सुचिताबाई म्हणाल्या. "स्पष्ट आहे. सोनाळा, बियाणं, गनी. सोनाळ्यात दुसरे कोणी गनी आहेत का, तेही मी विचारून घेतलं होतं. नाहीत."

मला वाचताना कुठेतरी अडल्यासारखं झालं. परत वाचलं. अडत होतं ते नावापाशी नव्हतं.

"हे चौदा काय आहे?"

"पोती असतील की."

"तसं लिहिलंय कुठे?"

"नाही, पण..."

"चौदा किलो नाही, चौदा क्विंटल नाही, चौदा पोती नाही. तुमचे वडील सरकारी तक्ता करणारे. एककाशिवाय आकडा लिहितील का?"

आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच शिकवतात. आकड्यापुढे एकक नसेल, तर उत्तराला शून्य गुण. माझ्या डोक्यात वकार बोलत होता. थो माल पाकिटात नव्हता, सुट्टा भरेल होता, बारदान्यात. आमच्याकडे बाजारात त्याला बारदाना म्हणतात, शेतात पोतं म्हणतात. पण वरून आलेला तक्त्याचा नमुना इंग्रजी असेल, आणि कारकुनाने तो देवनागरीत जसाच्या तसा उतरवला असेल, तर?

"बाई," मी म्हणाले, "गोणीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"गनी बॅ..."

त्या मध्येच थांबल्या. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पान उलटलं, मागे, तीसवर. दीड वर्षात त्यांनी ते उलटलं नव्हतं. हवं ते सापडल्यावर कोण मागे जातं? मीही गेले नसते.

पान तीसवर तक्त्याचे मथळे होते: गाव, माल, आवेष्टन, संख्या, कार्यवाही. आवेष्टनाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'पाकीट' होतं. दोन गावांपुढे 'गनी' होतं, एकीकडे सहा, दुसरीकडे नऊ.

सुचिताबाईंनी तोंडावर पदर धरला. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते आणि खिडकीची काच थरथरत होती.

"माझ्या वडिलांचं अक्षर आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि मला वाचता आलं नाही."

६

मला वाटलं होतं, कोडं सुटलं.

रविवारी आम्ही दोघींनी लोककोशाच्या चर्चापानावर सगळं लिहिलं. दोन्ही पानांचे फोटो दिले. सुचिताबाईंनी स्वतःची ओळ स्वतः मागे घेतली आणि खाली लिहिलं, 'ही माझी चूक आहे.' मी सोनाळ्याला फोन केला.

फोन उकंडरावांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन बाजूला धरून ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. "साहेब! अवो साहेब! तुमी पोतं निंघाले! चौदा पोते!"

चाचा हसले. खोकला येईपर्यंत हसले. "तरीच," ते फोनवर म्हणाले, "वजन वाढल्यासारखं वाटून राह्यलं होतं."

सोमवारी 'तटस्थ'चं उत्तर आलं. ते उद्धट नव्हतं. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे.

"आपले परिश्रम दिसतात. तथापि अहवालाचा असा अर्थ लावणे हे आपले स्वतःचे संशोधन ठरते, ते कोशात चालत नाही. सहावी तळटीप वादग्रस्त मानून काढली आहे. सातवी तळटीप स्वतंत्र वृत्तपत्राची असून तीत पूर्ण नाव आहे, त्यामुळे ओळ कायम राहील. दोन सदस्यांनी प्रत्यक्ष भेटून एकच भूमिका घेतल्याचे दिसते, हे नियमांस धरून नाही. लेख पंधरा दिवसांसाठी कुलूपबंद करण्यात येत आहे."

म्हणजे चूक जिच्यातून निघाली होती, ती तळटीप गेली. चुकीची नक्कल राहिली. आता ओळीखाली पाहणाऱ्याला अहवाल दिसणारच नव्हता, आणि पान तीस उलटायचं कारणच कोणाला पडणार नव्हतं.

मी प्रेमला गाठलं. त्याने बिचाऱ्याने स्वतःहून बातमी लिहिली होती, दोन्ही पानांच्या फोटोंसकट. कार्यालयाने ती ठेवून घेतली. "प्रकरण सुनावनीत हाये म्हनते, निकालानंतर पाहू," तो म्हणाला. अहवाल काढणाऱ्या शेतकी कार्यालयात मी चौकशी केली. इतकं जुनं बाड नियमाप्रमाणे नष्ट झालं होतं, आणि सुचिताबाईंची प्रत, शिक्का नसल्यामुळे, कोणाचीच नव्हती.

वकिलाने जोडलेला कागद मात्र जागच्या जागी होता. त्याच्यावर शिक्का होता, तारीख होती, पान क्रमांक होता.

७

बुधवारी मी सोनाळ्याला गेले. चाचांच्या ओसरीवर उकंडराव आणि आणखी चार-पाच जण बसले होते. वकारही होता, आत चाचीजवळ. त्याच्या चपला दारात दिसत होत्या.

मी टेकते न टेकते तोच चाचा म्हणाले, "तक्रारीतून माहं नाव काढून टाका."

"काऊन?" उकंडराव उसळले. "चोरी केली का तुमी?"

"वही माही असन तं वकील पान दाखवन. साहेब पान पाहीन, वही नाही पाहनार. वही तुही असन तं त्याले वहीच पाहा लागन." ते माझ्याकडे वळले. "बेटा, तुहं अक्षर चांगलं हाये. नवीन वहीत उतरवून दे. आकडे तेच, तारखा त्याच. निरीक्षक म्हनून उकंडराव लिही."

"चाचा, ते खोटं होईल."

"थो माह्यासंगं नव्हता का? दर गुरवारी बोंडं कोनं तोडली? फोडली कोनं?"

"मोजलं तुमी," उकंडराव म्हणाले.

"मोजतानी तू पाहत होता. पुरे झालं."

मी संध्याकाळपर्यंत लिहीत होते. तेरा आठवडे, दहा शेतं, सव्वीसशे बोंडं. चाचांनी प्रत्येक तारखेपुढे हवा कशी होती तेही लिहिलं होतं. ते मी उतरवलं. आकडे दोनदा ताडून पाहिले, एकही चुकला नाही. फक्त पहिल्या पानावर, निरीक्षकाच्या नावापुढे, मी जे लिहिलं त्याला माझ्याजवळ कोणताही आधार नव्हता.

गुरुवारी सुनावणीला चाचाही आमच्याबरोबर आले, पण कृषी कार्यालयाच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली थांबले. आत कंपनीचे वकील उभे राहिले, त्यांनी लोककोशाचं पान काढलं, आणि तज्ज्ञाचं नाव मागे घेतल्याचं कळल्यावर परत ठेवलं. सुनावणी घेणारे अधिकारी शांत माणूस होते. त्यांनी नवी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मध्येच थांबून एक-दोन बेरजा स्वतः करून पाहिल्या.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "हे तुम्ही मोजलं?"

"हाव साहेब," उकंडराव म्हणाले. "म्याच मोजलं."

"पद्धतशीर आहे. कोणी शिकवलं? कोणाच्या मार्गदर्शनाखाली?"

वकिलांनी मान वर केली. उकंडरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीतून फाटक दिसत नव्हतं.

"कोनाच्याच नाही," ते म्हणाले.

कारकुनाने ते टाइप केलं. तक्रारदाराने निरीक्षणे स्वतः घेतली, कोणाचेही मार्गदर्शन नव्हते. उकंडरावांनी खाली सही केली. वही दाखल करून घेतली, पुढची तारीख मार्चची पडली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा चाचा उठून उभे राहिले.

"घेतली का वही?"

"घेतली," उकंडराव म्हणाले. "साहेब, म्या आतमंदी..."

"घेतली ना? मंग झालं." चाचांनी पिशवी उचलली. "चाल, साडेतीनची गाडी जाईन."

ते पुढे निघाले, हळू, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. पिशवी मी घेते म्हटलं तर ऐकलं नाही. उकंडराव त्यांच्या मागून चालत होते, दहा पावलं अंतर ठेवून, कारण वकील अजून फाटकात उभे होते.